पीएलसीच्या ॲनालॉग सिग्नलवर प्रपोर्शनल व्हॉल्व्ह: नौका ओढणाऱ्या विंचवरून पहिली ओळख

मे संपत आला की हर्णै, मिरकरवाडा, नाटे, देवगड, कुठल्याही बंदरावर जा, नौका वर घेण्याची घाई दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी नौका पाण्याबाहेर ओढायची, शाकारायची, डागडुजीला घ्यायची. हे ओढण्याचं काम जिथे हायड्रॉलिक विंचवर चालतं आणि तिचा व्हॉल्व्ह साधा ऑन-ऑफ असतो, तिथे बटण दाबलं की पूर्ण वेग आणि सोडलं की एकदम थांबा. ट्रॉलीवर भरलेली नौका आणि वायर रोपला बसणारा तो हिसका, हे दृश्य पाहिलेल्या कुणालाही प्रपोर्शनल व्हॉल्व्ह कशाला लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही. जितका सिग्नल तितका स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला दांडा, सरकतो, तितकं तेल जातं, तितक्या वेगाने ड्रम फिरतो.

आयटीआय किंवा डिप्लोमा करून पॅनेलच्या, मेंटेनन्सच्या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. उदाहरण विंचचं घेतलं आहे, पण लोटे, खेर्डी, मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत तुमच्यासमोर प्रेस असेल, तरी वायरिंग आणि हिशेब हाच. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: व्हॉल्व्ह हलवायला शिकण्याआधी तो थांबतो कसा, आणि सिग्नल तुटला तर कुठे जाऊन बसतो, हे समजून घ्या. नवीन माणूस नेमका इथेच फसतो, आणि विंचवर त्याची किंमत मोठी असते.

पहिली पायरी: नेमप्लेट वाचा

व्हॉल्व्हच्या आत एक स्पूल, दोन्ही टोकांना स्प्रिंग आणि एक किंवा दोन कॉइल. कॉइलमध्ये करंट वाढला की ती स्प्रिंगला दाबून स्पूल सरकवते. या कॉइलला एक ते अडीच अँपिअर लागतात. पीएलसीचं (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरचं) ॲनालॉग, म्हणजे कमीजास्त होणारं, आउटपुट जास्तीत जास्त २० मिलीअँपिअर देतं. म्हणजे पन्नास ते सव्वाशे पटींची तफावत. त्यामुळे पीएलसीची वायर थेट कॉइलला कधीच जोडायची नाही, मध्ये छोट्या सिग्नलवरून कॉइलला मोठा करंट देणारा ॲम्प्लिफायर हवाच. तो दोन ठिकाणी सापडतो: पॅनेलमध्ये वेगळं कार्ड म्हणून, किंवा व्हॉल्व्हच्याच डोक्यावर बसवलेल्या डब्यात.

कुठला प्रकार आहे ते नेमप्लेटच्या कोडवरून कळतं. रेक्स्रॉथचं उदाहरण घ्या. ४डब्ल्यूआरई असेल तर इलेक्ट्रॉनिक्स बाहेर, ४डब्ल्यूआरईई असेल तर व्हॉल्व्हवरच. कोडच्या शेवटाकडे ए१ असेल तर सिग्नल उणे १० ते अधिक १० व्होल्ट, एफ१ असेल तर ४ ते २० मिलीअँपिअर. दुसऱ्या कंपन्यांची अक्षरं वेगळी असतात, पण माहिती हीच असते. व्हॉल्व्ह ब्लॉकवर बसवण्याआधी नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा. एकदा होज आणि पाइप आले की ती पट्टी पुन्हा नीट दिसत नाही.

दुसरी पायरी: व्होल्ट की मिलीअँपिअर

निवड हातात असेल तर किनाऱ्यावर मी ४ ते २० मिलीअँपिअरच सुचवेन. कारण खाऱ्या हवेचं आहे. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत टर्मिनलवर हिरवी पूड धरते, कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात आणि त्या जोडाचा रेझिस्टन्स वाढतो. व्होल्टेज सिग्नलची त्यात गळती होते. करंट मात्र सर्किटभर तोच राहतो, कारण वाढलेला रेझिस्टन्स भरून काढायला आउटपुट आपणहून जास्त व्होल्टेज लावतं. त्याला मर्यादा आहे: सीमेन्स एस७-१२०० च्या एसएम १२३२ मोड्यूलला करंट आउटपुटवर एकूण ६०० ओहमपर्यंतच लोड चालतो. पण वायर आणि कार्ड धरून आपण सहसा त्याच्या आत असतो.

दुसरा फायदा वायर तुटल्याचा. ० ते १० व्होल्टमध्ये ‘शून्य’ आणि ‘वायर तुटली’ यांत फरकच कळत नाही. ४ ते २० मध्ये करंट ४ च्या बराच खाली गेला की ॲम्प्लिफायर कार्डला कळतं की काहीतरी बिघडलं आहे. मग ते कॉइल सोडून देतं आणि स्प्रिंग स्पूलला मध्यावर आणते.

आता या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा. दोन दिशांच्या व्हॉल्व्हला ४ ते २० दिलं की मधली जागा १२ मिलीअँपिअरला येते. २० म्हणजे पूर्ण ओढ. ४ म्हणजे पूर्ण उलटी, म्हणजे नौका पूर्ण वेगाने पाण्याकडे. आणि पीएलसीच्या भाषेत ४ मिलीअँपिअर म्हणजे शून्य काउंट (सिग्नलसाठी प्रोग्राममध्ये लिहायचा आकडा)! प्रोग्रामने ज्या जागी साधा शून्य लिहिला, तिथे विंच उलटी धावेल. सीपीयू (पीएलसीचा मेंदू) स्टॉपला गेला आणि सब्स्टिट्यूट व्हॅल्यू, म्हणजे अशा वेळी आउटपुटने द्यायची किंमत, आहे तशीच, किमान किमतीवर ठेवलेली असली, तरी तेच. म्हणून मोड्यूलच्या प्रॉपर्टीत शिरून सब्स्टिट्यूट व्हॅल्यू १२ मिलीअँपिअर करा. ‘कीप लास्ट व्हॅल्यू’ हा पर्याय विंचला निवडूच नका. त्याचा अर्थ असा की सीपीयू थांबला तरी विंच शेवटच्या वेगाने चालतच राहील.

तिसरी पायरी: वायरिंग

व्हॉल्व्हवर इलेक्ट्रॉनिक्स असेल तर सहसा सात पिनांचा गोल कनेक्टर येतो: सहा पिना आणि एक अर्थ. ए ला २४ व्होल्ट, बी ला ० व्होल्ट, डी आणि ई या सिग्नलच्या दोन वायरी, एफ वर स्पूलची प्रत्यक्ष जागा सांगणारं आउटपुट. सी मात्र तपासा. काही कंपन्या ती एफ साठी रेफरन्स म्हणून वापरतात, काही तिच्यावर एनेबल, म्हणजे चालायची परवानगी देणारा सिग्नल, मागतात. एनेबल मागणाऱ्या व्हॉल्व्हला सी वर २४ व्होल्ट दिले नाहीत तर सिग्नल बरोबर असूनही व्हॉल्व्ह ढिम्म हलत नाही, आणि माणूस अर्धा दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

सिग्नलसाठी पिळाची, शील्ड असलेली केबल घ्या. शील्ड पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, व्हॉल्व्हच्या बाजूला मोकळी ठेवून टेप करा. दोन्ही टोकं अर्थ केली आणि पॅनेल व व्हॉल्व्ह यांच्या अर्थमध्ये फरक असला, तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमधून सिग्नल केबल नेऊ नका. जिथे ओलांडावीच लागेल तिथे काटकोनात ओलांडा.

२४ व्होल्टच्या वायरकडे सहसा कुणी बघत नाही. पॅनेल शेडमध्ये आणि विंच उताराच्या टोकाला, म्हणजे ३० मीटर सहज होतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला जाऊन-येऊन ६० मीटरला साधारण पाऊण ओहम येतात. अडीच अँपिअर ओढले की जवळपास दोन व्होल्ट वाटेतच गेले. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर साडेतीन. मोकळ्या व्हॉल्व्हला २४ व्होल्ट दिसतात, पूर्ण सिग्नलवर वीस-एकवीस उरतात आणि कार्ड मध्येच फॉल्टला जातं. म्हणून व्होल्टेज व्हॉल्व्हच्या पिनेवर, पूर्ण सिग्नल चालू असताना मोजा. व्हॉल्व्हसाठी एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) वेगळा ठेवा, पीएलसीचाच वापरू नका.

किनाऱ्यावरची आणखी काही पथ्यं. वायर टिन केलेल्या तांब्याची घ्या, ग्लँड स्टेनलेसचे किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे. केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोल देऊन वर आणा, म्हणजे पागोळीचं पाणी झोलावरूनच खाली पडेल. कनेक्टरची रबर रिंग जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून बघा. व्हॉल्व्हवर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं ते कनेक्टर पूर्ण आवळलेला असला तरच खरं.

चौथी पायरी: काउंटचा हिशेब

प्रत्येक पीएलसीचे काउंट वेगळे. सीमेन्समध्ये १० व्होल्ट किंवा २० मिलीअँपिअर म्हणजे २७६४८. मी तेच धरतो, तुमच्या पीएलसीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. आपण प्रोग्राममध्ये सगळा विचार टक्क्यांत करू: अधिक १०० म्हणजे पूर्ण ओढ, उणे १०० म्हणजे पूर्ण सोड, ० म्हणजे थांबा. ४ ते २० साठी मधला काउंट १३८२४. मग

काउंट = १३८२४ + (टक्के × १३८.२४)

अधिक ५० टक्क्यांना २०७३६ येतात, म्हणजे १६ मिलीअँपिअर. उणे १०० ला शून्य, म्हणजे ४ मिलीअँपिअर. हे दोन आकडे कागदावर स्वतः करून बघा. हिशेब हातात बसला की सीमेन्सचे नॉर्म-एक्स आणि स्केल-एक्स हे आकडे बदलून देणारे ब्लॉक काय करतात ते आपोआप कळतं. टक्के उणे १०० आणि अधिक १०० च्या बाहेर जाणार नाहीत अशी मर्यादा सूत्राच्या आधी घाला.

आता डेडबँड. बहुतेक प्रपोर्शनल दिशा-व्हॉल्व्हमध्ये स्पूलची कड पोर्टवर थोडी चढलेली असते, त्यामुळे सुरुवातीच्या १० ते २० टक्के सिग्नलला तेल जवळजवळ जातच नाही. ऑपरेटर जॉयस्टिक ढकलतो, काही होत नाही, आणखी ढकलतो आणि विंच दचकून सुटते. उपाय असा की विंच हलायला लागते त्या टक्क्यावर प्रोग्रामने स्वतः उडी मारायची. समजा ती किंमत १२ टक्के निघाली. मग

आउटपुट = १२ + (हुकूम × ०.८८)

हुकूम, म्हणजे जॉयस्टिकने मागितलेले टक्के, ५० असेल तर आउटपुट ५६ टक्के, म्हणजे सुमारे १६.५ मिलीअँपिअर. उलट्या दिशेसाठी वेगळा आकडा ठेवा, कारण दोन्ही बाजू क्वचितच सारख्या निघतात. हुकूम अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर मात्र उडी नाही, सरळ मध्य. काही ॲम्प्लिफायरमध्ये ही उडी आधीच भरलेली असते. तेव्हा कार्ड किंवा प्रोग्राम यांपैकी एकाच ठिकाणी ती ठेवा. दोन्हीकडे ठेवली की हळू वेग मिळेनासाच होतो.

रॅम्पलाही, म्हणजे हुकूम हळूहळू वाढवण्या-उतरवण्यालाही, हाच नियम, एकाच ठिकाणी. मला ती पीएलसीत ठेवलेली आवडते, कारण नौका लहान-मोठी असेल तसा आकडा स्क्रीनवरून बदलता येतो. दर १० मिलिसेकंदांनी चालणाऱ्या सायक्लिक इंटरप्टमध्ये, म्हणजे सीमेन्सच्या ओबी ३० या ब्लॉकमध्ये लिहा. शून्यावरून शंभरवर जायला ३ सेकंद हवे असतील तर दर फेरीला ०.३३ टक्के. मुख्य प्रोग्राममध्ये लिहिली तर स्कॅनचा वेळ कमीजास्त होईल तशी रॅम्प बदलेल. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी रॅम्प, मग डेडबँडची उडी, मग काउंट. रॅम्प शेवटी टाकली तर उडीचीही रॅम्प होते आणि सगळी मेहनत वाया.

एकाच सिग्नलला वेग बदलतो तो का

हे एकदा नीट समजून घेतलंत तर पुढे बरीच वणवण वाचेल. नौका पाण्यात असते तोवर पाणीच तिचं वजन पेलतं. ट्रॉली उतारावर चढत जाते तसं वजन चाकांवर, म्हणजे रोपवर येतं. समजा पंपाचं प्रेशर १६० बारला स्थिर आहे. सुरुवातीला ड्रम फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरला ४० बार पुरले, तर व्हॉल्व्हवर १२० बारचा फरक उरला. नौका पूर्ण बाहेर आली, मोटरला १२० बार लागले, तर व्हॉल्व्हवर फक्त ४०. व्हॉल्व्हमधला प्रवाह प्रेशरच्या फरकाच्या वर्गमुळाने बदलतो. फरक तिपटीने घटला की प्रवाह साधारण ५८ टक्क्यांवर येतो. सिग्नल तोच १६.५ मिलीअँपिअर, स्पूल तिथेच, तरी वेग जवळपास निम्म्यावर. पीएलसीत काही बिघाड नाही.

वेग सारखा हवा असेल तर व्हॉल्व्हखाली प्रेशर कॉम्पेन्सेटरचा थर बसवतात. तो फरक ठरावीक बारवर धरून ठेवतो. ड्रमवर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावून पीएलसीत पीआयडी (मोजलेल्या वेगावरून सिग्नल आपोआप सुधारणारं गणित) चालवणं हा दुसरा रस्ता, पण पहिल्याच कामात त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

याच सूत्राने व्हॉल्व्हची साइजही ठरते. समजा मोटर दर फेऱ्याला ४०० घन सेंटिमीटरची, लागणारा प्रवाह ४० लिटर प्रति मिनिट, म्हणजे १०० फेरे. २५ ला १ चा गिअरबॉक्स आणि ४० सेंटिमीटरचा ड्रम धरला तर दोर मिनिटाला ५ मीटर येतो. व्हॉल्व्हवर ४० बार उपलब्ध असतील तर कॅटलॉगमध्ये १० बारला २० लिटरवाला व्हॉल्व्ह पुरतो, कारण ४० बारला तोच ४० लिटर देईल. ‘असू दे मोठा’ म्हणून ६० लिटरचा घेतला तर सगळं काम पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच संपतं आणि हळू वेगावरचा ताबा जातो. नौका क्रेडलवर टेकवताना तोच तर हवा असतो.

पाचवी पायरी: कोरडी चाचणी, मग तेल

पंप बंद. व्हॉल्व्हचा कनेक्टर काढलेला. मल्टिमीटर मिलीअँपिअरवर ठेवून सिग्नलच्या दोन वायरींमध्ये लावा आणि पीएलसीतून ०, ५०, १००, उणे ५०, उणे १०० टक्के द्या. डेडबँडचा आकडा अजून शून्य असल्याने १२, १६, २०, ८, ४ दिसले पाहिजेत. मोजून झालं की प्रोब परत व्होल्टच्या भोकात टाका. मिलीअँपिअरवर राहिलेला मीटर २४ व्होल्टवर टेकवला की त्याचा फ्यूज गेलाच.

मग कनेक्टर लावा, पंप अजून बंदच. स्पूलची जागा सांगणारा व्हॉल्व्ह असेल तर एफ पिनेवर मोजा. हुकुमामागे जागा जाते ना, उणे-अधिक उलटं तर नाही ना, हे तेलाशिवायच कळतं.

याच टप्प्यावर थांबण्याच्या चाचण्या करा. सीपीयू स्टॉपला टाका. सिग्नलची एक वायर काढा. व्हॉल्व्हचा २४ व्होल्ट फ्यूज काढा. मेन स्विच बंद करून परत चालू करा, कारण लाइट जाऊन येणं आपल्याकडे पावसाळ्यात रोजचंच आहे. दरवेळी स्पूल मध्यावर यायला हवा, आणि लाइट आल्यावर ऑपरेटरने पुन्हा बटण दाबेपर्यंत तिथेच राहायला हवा. जॉयस्टिक ढकललेली असतानाच लाइट आली तर? प्रोग्रामने आधी जॉयस्टिक मध्यावर आलेली बघायची, मगच हुकूम घ्यायचा.

स्पूल मध्यावर आला म्हणजे नौका थांबली असं मात्र धरू नका. स्पूलमधून थोडी गळती कायम असते. नौका धरून ठेवायचं काम स्प्रिंगने लागणाऱ्या, तेलाच्या प्रेशरने सुटणाऱ्या ब्रेकचं आणि काउंटरबॅलन्स व्हॉल्व्हचं (भार मोटरला ओढू लागला तर तेल अडवणाऱ्या). काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह पूर्ण मिटावेत म्हणून ज्याच्या मध्यस्थितीत मोटरकडे जाणारी ए आणि बी ही तोंडं टाकीला मोकळी होतात असा स्पूल निवडतात. ब्रेकचा क्रम असा: आधी थोडा ओढीचा हुकूम, प्रेशर स्विचने प्रेशर आल्याचं सांगितलं की मग ब्रेक सोडायचा. थांबताना रॅम्पने शून्य, आणि लगेच ब्रेक. ब्रेक आधी सोडला तर नौका हातभर मागे जाते, आणि मागे सहसा माणूस उभा असतो. इमर्जन्सी स्टॉप पीएलसीच्या प्रोग्राममधून नको. सेफ्टी रिलेने पंप, व्हॉल्व्हचं एनेबल आणि ब्रेकची कॉइल वायरनेच तोडली पाहिजेत.

आता तेल. ड्रममधलं नवं तेल स्वच्छ असतं हा समज काढून टाका. ते फिल्टर कार्टमधूनच टाकीत भरा. प्रपोर्शनल व्हॉल्व्हला बहुतेक कंपन्या आयएसओ ४४०६ (तेलातले कण मोजायचं प्रमाण) प्रमाणे २०/१८/१५ किंवा त्याहून स्वच्छ तेल मागतात, त्यासाठी १० मायक्रॉनचा चांगला फिल्टर लागतो. स्पूल आणि बॉडीमधली फट काही मायक्रॉनचीच, त्यात एक कण अडकला तरी स्पूल चिकटतो.

रोप मोकळा ठेवून, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीत जास्त प्रेशर ठरवणारा) ३०-४० बारवर उतरवून पंप चालू करा. कॉइलच्या टोकाशी एअर काढायचा स्क्रू असेल तर तेल फेसाशिवाय येईपर्यंत थोडा सैल करा. हवा राहिली तर स्पूल थरथरतो आणि माणूस रॅम्पला दोष देत बसतो. मग हुकूम एकेक टक्क्याने वाढवत जा. ड्रम ज्या टक्क्याला हलला तो लिहा, परत शून्यावर या, दुसऱ्या दिशेला करा. तेल ४० अंशांच्या आसपास गरम झाल्यावर पुन्हा एकदा मोजा आणि त्यातल्या लहान आकड्यापेक्षा एक टक्का कमी प्रोग्राममध्ये भरा. नेमका आकडा भरला तर गरम तेलावर मध्याजवळ विंच रेंगाळते.

यानंतरच प्रेशर पूर्ण करा. रिकामी ट्रॉली, मग हलकी नौका, मग मोठी. प्रत्येक टप्प्याला रॅम्प थोडी बदलून तांडेलाला विचारा. रोपवरचा हिसका त्याला आपल्या आधी कळतो.

पॅनेलच्या दाराच्या आत एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवा: व्हॉल्व्हचा पूर्ण कोड, सिग्नलचा प्रकार, दोन्ही दिशांचा डेडबँड, रॅम्पचे सेकंद, सब्स्टिट्यूट व्हॅल्यू, रिलीफचं प्रेशर. पॅनेलमध्ये छोटा हीटर असेल तर विंच बंद असलेल्या जून-जुलैत तो चालूच ठेवायला सांगा. टाकीचा साधा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं झाकण) काढून सिलिका जेलचा लावा, जेलचा रंग बदलला की बदला. आणि बंदी उठून नौका खाली सोडायच्या आधी टाकीच्या तळाच्या कॉकमधून थोडं तेल काचेच्या बाटलीत काढा. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. ते बदलेपर्यंत पंप चालू करू नका.